गणवेशातल्या माणसाचा आवाज : गिरणगावातले दोन दिवस



मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका गृहस्थांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, लष्कर आणि राज्यसंस्था हा विषय दिल्लीत शोभतो, फार तर पुण्याच्या कॅम्पात. चिंचपोकळीत त्याचं काय?" प्रश्न चांगला होता. उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण ते जिन्यात देण्यासारखं नव्हतं. आज देतो. माझं म्हणणं असं आहे की या विषयावरचे जे मोठे सिद्धांत आपण वर्गात शिकवतो, त्यांची परीक्षा घ्यायला लालबाग-परळ-चिंचपोकळी यांच्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. ही परीक्षा इथे दोनदा झाली. एकदा फेब्रुवारी १९४६ मध्ये आणि एकदा ऑगस्ट १९८२ मध्ये.

आधी सिद्धांत. राज्यशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला राज्यसंस्थेची व्याख्या विचारा, तो माक्स वेबरची सांगेल. एका ठराविक भूप्रदेशात अधिमान्य बळाच्या वापराची मक्तेदारी ज्या समुदायाकडे आहे, ती राज्यसंस्था. आम्हीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. पोरं पाठ करायची, आम्ही गुण द्यायचो. पण यात दोन गोष्टी आम्ही गाळत होतो. पहिली म्हणजे, वेबर नुसतं "मक्तेदारी आहे" असं म्हणत नाही. अशी मक्तेदारी आपली असल्याचा दावा जी *यशस्वीपणे* करते ती राज्यसंस्था, असं तो म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. वेबरनं हे व्याख्यान म्युनिकमध्ये २८ जानेवारी १९१९ रोजी दिलं. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, कील बंदरात जर्मन आरमाराच्या खलाशांनी बंड केलं होतं. हरलेल्या युद्धात शेवटची एक लढाई म्हणून मरायला जायचं त्यांनी नाकारलं, आणि आठवड्याभरात कैसरची सत्ता कोसळली. मग जे नवं सरकार आलं, त्यानंही बर्लिनमधला उठाव मोडायला फ्रायकोर नावाची दुसरीच हत्यारबंद पथकं वापरली.

म्हणजे काय? बळाची मक्तेदारी ही व्याख्या अशा देशात, अशा क्षणी सांगितली गेली, जिथे बळ वापरणाऱ्या हातांनीच "नाही" म्हटलं होतं. माझी टीका इथे सुरू होते. वेबरची व्याख्या चुकीची नाही, पण ती वरून पाहते. मक्तेदारी कुणाकडे आहे ते ती सांगते. ती कुणाच्या हातांनी चालते, हे सांगत नाही.

डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात हा मुद्दा फार साधेपणानं मांडला होता. तो म्हणतो, शारीरिक ताकद नेहमी शासितांच्या बाजूला असते, कारण त्यांची संख्या जास्त. राज्य करणारे तगतात ते लोकांच्या मताच्या आधारावर. एखादा सुलतान प्रजेला जनावरासारखं हाकू शकेल, पण ज्या शिपायांच्या जोरावर तो हाकतो, त्या शिपायांना तरी त्याला माणसासारखं वागवावंच लागतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ. गिरणगाव भरलं कुठून? मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीतून आणि साताऱ्यातून. पलटणीत माणसं गेली कुठून? तिथूनच. साताऱ्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, इतकी घरं फौजेत गेलेली. आणि मुंबई पोलिसांत? तेही बरेचसे याच मुलखातले. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा किंवा नको तितका, त्यामुळे घरात मनीऑर्डर यायला हवी. एक भाऊ साच्यावर, एक पलटणीत, एक खाकीत. बापाच्या दृष्टीनं तिन्ही नोकऱ्याच. कामगार, सैनिक आणि पोलीस हे समाजशास्त्राच्या पुस्तकात तीन वेगळे वर्ग असतील, आपल्याकडे ते दिवाळीला एका पंगतीला बसायचे.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी संप केला. सुरुवात निकृष्ट जेवणापासून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीपासून झाली. लवकरच मागण्यांत समान पगार आला, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आली, इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घ्या हेही आलं. दोन-चार दिवसांत सुमारे २०,००० खलाशी संपात होते. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर गिरणगाव बंद झालं. काँग्रेस आणि लीग, दोन्हींच्या नेतृत्वाचा या बंदला पाठिंबा नव्हता, तरी बंद झाला. मग या रस्त्यांवर गोऱ्या सैनिकांच्या गाड्या फिरल्या आणि गोळीबार झाला. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. २३ तारखेला, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. जाताना त्यांच्या समितीनं सांगितलं की आम्ही ब्रिटिशांना नाही, हिंदुस्थानला शरण जातो आहोत.

आता दुसरा दिवस, १८ ऑगस्ट १९८२. गिरणी संपाला बरोबर सात महिने झाले होते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. सरकारनं पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली आणि शिपाई रस्त्यावर आले. नायगाव, वरळी, परळ. गिरणी कामगार त्यांना जाऊन मिळाले. जाळपोळ झाली, लूटही झाली, ते लपवायचं कारण नाही. सीमा सुरक्षा दल आलं, लष्कर आलं.

मी तेव्हा तिशीत होतो, कॉलेजात शिकवत होतो. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक हवालदार राहायचे. त्यांचा धाकटा भाऊ संपात. म्हणजे सात महिने थोरला गिरणीच्या गेटवर बंदोबस्ताला आणि धाकटा त्याच गेटवर घोषणा द्यायला. दोघांचा डबा एकाच स्टोव्हवर व्हायचा. त्या दिवशी हवालदार घरी आले, गणवेश काढून ट्रंकेत ठेवला आणि बनियनवर गॅलरीत येऊन बसले. मला म्हणाले, "मास्तर, पोरांना खाली सोडू नका. आज खाली जे उभे आहेत, त्यांना आपली भाषा कळत नाही."

हे वाक्य मला आमच्या शाखेतल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा जास्त शिकवून गेलं. राज्यसंस्थेचे जवळचे हात ढिले पडले की ती लांबचे हात आणते. त्या हातांचा गल्लीशी संबंध नसतो, भाषेचा नसतो, नात्याचा नसतो. त्यात त्या जवानांचा दोष नाही. तोही कुणाचा तरी भाऊच, दुसऱ्या कुठल्या तरी गावचा. पण ही रचना आहे. दूरत्व हे या बळाचं एक साधन आहे.

आता मला या दोन दिवसांच्या आठवणीवर टीका करायची आहे, आणि ती आपल्यावरच आहे. १९४६ च्या खलाशांचं कुलाब्याला स्मारक आहे. १९८२ च्या शिपायांचं काही नाही. एकाला आपण उठाव म्हणतो, दुसऱ्याला दंगल. का? सोपं उत्तर असं की १९४६ ला राज्य परकं होतं आणि १९८२ ला आपलं. पण तक्रारींचा गाभा पाहा. पगार, वागणूक, आमचं म्हणणं ऐकायला कुणी नाही. परक्या राज्यात जी तक्रार न्याय्य होती, ती आपल्या राज्यात आपोआप अन्याय्य कशी होते? आणि स्मारक उभारलं म्हणून १९४६ च्या लोकांना फार न्याय मिळाला असंही नाही. बडतर्फ केलेल्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलानं परत घेतलं नाही. मेलेल्या बंडखोराला हार घालणं सोपं असतं, जिवंत बंडखोराला नोकरी देणं अवघड.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही फौजेत युनियन काढायला निघालात की काय? नाही. दुसरी बाजू मला ठाऊक आहे, आणि ती कमकुवत नाही. पटेलांचा मुद्दा असा होता की स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे, आज त्याची शिस्त मोडली तर उद्या ती जोडता येणार नाही. गांधीजी म्हणाले की नोकरी अपमानाची वाटत असेल तर ती सोडा. आपल्या शेजारी पाहा. एकाच ब्रिटिश फौजेतून दोन फौजा निघाल्या, तीच कवायत, तेच मेस, तेच हुद्दे. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात अयूब खान सत्तेवर बसले. आपल्याकडे तसं झालं नाही. हत्यार असलेल्या माणसानं राजकारणापासून लांब राहावं, ही अट लोकशाहीच्या जिवाची आहे. म्हणून घटनेचं कलम ३३ संसदेला मुभा देतं की सैन्य आणि सुव्यवस्था राखणारी दलं यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतील. १९५० चा लष्कर कायदा आणि पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा याच कलमाच्या छायेत उभे आहेत.

मला हे निर्बंध मान्य आहेत. पण माझा प्रश्न पुढचा आहे. एखाद्या माणसाचा आवाज आपण सकारण काढून घेतला, तर त्याच्या बदल्यात त्याला काय देणं लागतो?

इथे बाबासाहेब आंबेडकरांकडे वळावं लागतं. ते याच परळचे रहिवासी, आणि फौजी घरातले. जन्म महूच्या छावणीतला, वडील सुभेदार. लष्करी शाळेनं त्या घरात अक्षर आणलं. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. कशासाठी? लढायची हौस म्हणून? नव्हे. तो गणवेश म्हणजे माणूस म्हणून नोंद होण्याची जागा होती. ज्यांना गावात पाणी मिळत नव्हतं, त्यांना पलटणीत हुद्दा मिळत होता. म्हणून, लष्कर म्हणजे निव्वळ दमनयंत्र, असं म्हणणाऱ्या माझ्या डाव्या मित्रांना मी नेहमी सांगतो की हा इतिहास आधी वाचा.

त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं की आता सनदशीर मार्ग उघडे आहेत, तेव्हा सत्याग्रहासारखे मार्गही बाजूला ठेवा. हे भाषण सगळे सांगतात. पण त्या युक्तिवादाच्या पोटात एक अट आहे, सनदशीर मार्ग *उघडे असतील तर*. मग ज्यांचे मार्ग आपण कायद्यानं अरुंद केले, त्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसरा मार्ग रुंद करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर दुप्पट येते. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, चांगली गोष्ट झाली. पण तिथे माणूस आपली तक्रार घेऊन एकटा जातो. "आमचं" असं काही असतं, ते तिथे मांडता येत नाही.

मग ते कधी मांडता येतं? गणवेश उतरल्यावर. २०१५ मध्ये समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी माजी सैनिक जंतरमंतरवर बसले. १४ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तिथून हलवलं. छातीवर पदकं लावलेली म्हातारी माणसं. आणि हलवणारे कोण? ज्यांना स्वतःची मागणी घेऊन तसं बसता येत नाही, ते शिपाई.

आधुनिक समाज आणि लष्कर यांचं नातं मला इथे नासलेलं दिसतं. आपण सैनिकाची पूजा वाढवली आणि त्याच्याशी बोलणं कमी केलं. गणपतीत मंडपामंडपांतून सीमेवरच्या जवानांचे देखावे उभे राहतात. आपल्या चिंतामणीच्या आगमनाला ही गर्दी लोटते. त्या गर्दीत सकाळपासून उभा असलेला शिपाई कुणी पाहिला आहे का? पुतळ्याला आपण सलाम करतो आणि जिवंत माणसाला "ओ मामा, बाजूला व्हा" म्हणतो. पुतळा सोयीचा, कारण तो काही मागत नाही.

ह्यूमचा मुद्दा आठवा. शिपायाला माणसासारखं वागवावंच लागतं, असं तो म्हणाला. हुकूमशाहीत ते काम सुलतानाचं. लोकशाहीत सुलतान कोण? आपण. तेव्हा हे काम सरकारवर ढकलून चालणार नाही. शिपायाची ड्युटी किती तासांची असावी, हा प्रश्न नगरसेवकाच्या सभेत विचारायला आपल्याला कुठल्या कायद्यानं बंदी केलेली नाही. त्याला केली आहे, आपल्याला नाही. पोलीस वसाहतीच्या गळक्या छतावर, जवानाच्या रजेवर, विधवेच्या अडकलेल्या पेन्शनवर आपण बोलायचं, कारण त्यानं गप्प राहावं ही अट आपल्याच सुरक्षिततेसाठी घातलेली आहे. ते आपल्यावरचं कर्ज आहे. जो समाज ते फेडत नाही, त्याला एक दिवस रस्त्यावर परकी भाषा ऐकू येते, आणि मग तो विचारतो की हे अचानक कसं झालं.

आमच्या चाळीतल्या हवालदारांची नोकरी वाचली. भावाची गिरणी काही परत सुरू झाली नाही. त्या दिवसाविषयी दोघे पुढे कधीच बोलले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी. मीही विचारलं नाही. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो, रोज जिन्यात भेट व्हायची, तरी विचारलं नाही. आज जे बोललो, त्यात त्या न विचारण्याचा वाटा मोठा आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि माझ्याशी मतभेद असतील तर आधी तेच विचारा.