चाहत्याचा गुन्हा आणि आपले कुतूहल

चाहत्याने नामांकित व्यक्तीवर हल्ला केल्याची बातमी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याने असे का केले? जिच्यावर वार झाला तिचे पुढे काय झाले, हे आपण मागाहून विचारतो. पुष्कळदा विचारतही नाही. या कुतूहलाला आपल्याकडे वळण लावले ते हिंदी सिनेमाने. त्यासाठी ‘डर’ (१९९३) आणि ‘फॅन’ (२०१६) हे चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही यशराज फिल्म्सचे आणि दोन्हींत झपाटलेल्या माणसाची भूमिका शाहरुख खानची.

‘डर’मधली किरण नामांकित नाही, पण राहुलने तिला देव्हाऱ्यात बसवले आहे. तो पाठलाग करतो, फोनवर छळतो, तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठतो. तरी प्रेक्षकाने घरी नेले ते राहुलचे अडखळत नाव घेणे. आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर यांनी दोनच वर्षे आधी ‘सडक’मध्ये महाराणी उभी केली आणि खलभूमिकेचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. त्या महाराणीची लोकांना चीड आली, कीव आली नाही. फरक क्रौर्याचा नव्हता. राहुलच्या वाट्याला प्रेमगीत आले, महाराणीच्या वाट्याला आले नाही, एवढाच तो फरक.

‘फॅन’ अधिक धीट आहे. त्यात तारा आणि चाहता एकाच नटाने रंगवले, त्यामुळे ताऱ्याचा अहंकारही तपासला जातो. मात्र गौरव ज्या दुसऱ्या नटाला मारहाण करून कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावतो, त्या नटाला चित्रपट चटकन विसरतो. मार खाल्लेला माणूस कथेला पुढे ढकलण्यापुरताच. शेवटी हळहळ उरते ती गौरवसाठी. माझ्या मते या चित्रपटाचे खरे अपयश इथे आहे.

‘डर’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, ३० एप्रिलला, हॅम्बुर्गमध्ये सामन्याच्या मधल्या विश्रांतीत मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला गेला. हल्लेखोर स्टेफी ग्राफचा चाहता होता. ग्राफ पुन्हा अव्वल व्हावी एवढेच त्याला हवे होते. काही आठवड्यांत ती झालीही. हल्लेखोराला झालेली दोन वर्षांची शिक्षा स्थगित राहिली. सेलेस तेव्हा १९ वर्षांची होती आणि तिच्या नावावर ८ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे होती. ती दोन वर्षांहून अधिक काळ कोर्टाबाहेर राहिली. परतल्यावर तिला आणखी एकच मिळाले, आणि जर्मनीत ती पुन्हा कधी खेळली नाही. ‘प्रेमाची’ किंमत मोजायची तर ती अशी, ८ आणि १ या आकड्यांत मोजावी लागते.

नजर पीडिताकडे वळली की काय घडते, याचेही उदाहरण आहे. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला एका चाहत्याने तिच्या दारातच गोळी घातली. तिचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणी खात्यातून मिळवलेला होता. तो पत्ता बाहेर कसा गेला, हा प्रश्न लोकांनी लावून धरला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात पाठलागविरोधी कायदा झाला आणि १९९४ मध्ये वाहनधारकांची माहिती जपणारा केंद्रीय कायदाही आला. आपल्याकडे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ उजाडले. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे.

हा विषय मुंबईच्या बंगल्यांपुरता नाही. एस. टी. स्टँडवर किंवा शिकवणीच्या वाटेवर एखाद्या मुलीवर कोयता उगारला जातो, तेव्हा आपली वर्तमानपत्रे ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असेच छापतात. त्या मथळ्यात प्रेम आधी येते, जखम नंतर. हे शब्द आपण राहुलकडून शिकलो. ‘पाठलाग करून हल्ला’ असे लिहायला जागा तेवढीच लागते.