बसंती केदार आणि मन्सूरांचा मध्यम

बसंती केदार हा जयपूर-अत्रौली घराण्याचा खास जोडराग. पं. मल्लिकार्जुन मन्सूर तो गातात तेव्हा दोन रागांमधली शिवण शोधूनही सापडत नाही. केदार षड्जावरून थेट शुद्ध मध्यमावर जाणारा, भारदस्त. बसंत तीव्र मध्यम आणि कोमल धैवत घेऊन तार षड्जाकडे झेपावणारा. एकाचा भर शुद्ध स्वरांवर, तर दुसऱ्याचा जीवच कोमल ऋषभ-धैवतात. हे दोघे एकत्र नांदतील तरी कसे?

उत्तर शुद्ध मध्यमात आहे. बसंतातही ललितांगानं षड्जावरून शुद्ध मध्यमाकडे जाणारी वाट आहे. मन्सूर नेमके त्या मध्यमावर येतात. पुढचा स्वर लागेपर्यंत आपण केदारात आहोत की बसंतात, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. ही क्षणभराची हुरहुर म्हणजेच या रागाचा रस. ते ती रेंगाळू देत नाहीत. लगेच पुढची जागा येते, मग तिच्यातून उगवलेली दुसरी.

त्यांच्या गाण्यात प्रास्ताविक फारसं नसतंच. लांबलचक नोमतोम न करता ते बंदिशीला हात घालतात आणि मुखड्यातच रागाचं रूप उभं राहतं. आलाप बोलात शिरतो, बोल तानेत, आणि या साऱ्यात लय कुठे सोडलेली नसते. दमसास असा, की आपण जिथे विराम धरतो तिथे त्यांची फिरत नवं वळण घेते. सम हुकणार असं वाटत असतानाच ती अलगद हाती येते, आणि आपसूक दाद जाते.

ही सहजता कुठून आली, ते त्यांच्या कारकिर्दीत दिसतं. 1910 साली धारवाडजवळच्या मन्सूर गावी जन्म, लहानपणी नाटक कंपनी, मग मिरजेच्या नीलकंठबुवा आलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम. पुढे एचएमव्हीनं ध्वनिमुद्रिका काढल्या, नाव झालं. अशा वेळी, विशीच्या मध्यावर, हा गवई जयपूर-अत्रौलीच्या अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. 1937 मध्ये मंजीखाँ गेले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे शिक्षण चालू राहिलं. मन्सूरांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय मला हा पुन्हा शिकायला बसण्याचाच वाटतो.

त्याचं फळ बसंती केदारात ऐकू येतं. बंदिशीचं स्वच्छ उच्चारण, तिच्या शब्दांतून लय खेळवणं ही ग्वाल्हेरची पुंजी. एकात एक गुंफलेल्या स्वराकृती आणि आवर्तन भरून टाकणारी फिरत ही जयपूरची. दोन्ही तालमी त्यांच्या गळ्यात बंदिशीपाशी भेटतात, जसे बसंत आणि केदार मध्यमापाशी.

मोठे मानसन्मान उशिरा आले. पद्मश्री 1970 मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. पद्मविभूषण 1992 मध्ये, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. मधल्या काळात खट, शिवमत भैरव, बहादुरी तोडी असे अनवट राग त्यांनी श्रोत्यांपुढे पूर्ण विश्वासानं मांडले. लोकांना समजावं म्हणून राग सोपा केला नाही, आणि तो अवघड आहे असं भासवलंही नाही.

आज गाण्यात उभं राहू पाहणाऱ्या मुलामुलींना चटकन दाद मिळवून देणारे राग आणि छोटेखानी सादरीकरण खुणावत असतं. त्यांनी मन्सूरांचा बसंती केदार पुनःपुन्हा ऐकावा. नाव झाल्यावरही नव्यानं शिकायला बसणं आणि शिकलेलं हातचं न राखता श्रोत्यांना देणं, ही दोन व्रतं मन्सूरांनी निभावली. त्यांना मिळालेलं यश या व्रतांमागून आलं, म्हणूनच ते गाणं आजही ताजं आहे.