सरांच्या घरातला पाहुणा

एका शालेय सामन्यापाशी आपण आधी थांबू या. साल २००६. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरचा संघ खेळत आहे, आणि पालघरजवळच्या माहीम गावचा एक मुलगा ७८ धावा काढून वर पाच गडीही बाद करतो. बोरिवलीच्या संघाचे प्रशिक्षक दिनेश लाड सीमारेषेपलीकडून हे पाहत असतात. आपल्याच विद्यार्थ्यांना जेरीस आणणारा हा परका मुलगा पाहून त्यांना त्याची धास्ती वाटली असती तर त्यात काही वावगं नव्हतं. पण त्यांना भुरळ पडली. हा मुलगा आपल्या हाताखाली हवा, असं त्यांनी तिथेच ठरवलं. शार्दूल ठाकूर आणि त्याचे सर यांच्या नात्याचा आरंभ असा प्रतिस्पर्ध्याच्या कौतुकातून झाला, ही त्यातली पहिली गोडी.

वडिलांनी मात्र नकार दिला. दहावीचं वर्ष तोंडावर आलेलं, आणि पालघरहून बोरिवली गाठायची तर प्रवास अडीच तासांचा. या अडीच तासांचं वजन वसई-विरारच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. आज डहाणूपर्यंत लोकल धावते, पण ती सुरू झाली २०१३ मध्ये. त्यापूर्वी लोकलचं जग विरारच्या फलाटावर संपत असे, आणि वैतरणेच्या पुलापलीकडच्या माणसाचं अवघं वेळापत्रक मोजक्या शटलांवर आणि थांबलीच तर थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर टांगलेलं असे. किटची अवजड बॅग दोन पायांत धरून दाराशी उभी असलेली पोरं आपण पहाटेच्या गाडीत पाहतोच. विरारचा पृथ्वी शॉ वडिलांचं बोट धरून वांद्र्यापर्यंत गेला तो याच मार्गाने. मुंबईचं क्रिकेट ज्यांच्या दाराशी नाही, त्यांना खेळाआधी हे अंतर जिंकावं लागतं, आणि कित्येक गुणी मुलं गोलंदाजासमोर कधी हरतच नाहीत. ती या अंतरासमोर हरतात. म्हणून त्या पित्याच्या नकारात मला हट्ट दिसत नाही. दिसते ती मुलाच्या थकव्याची आणि भवितव्याची रास्त काळजी.

आता लाडसरांच्या उत्तराकडे पाहा. अंतर तोडता येत नसेल तर ते उरूच नये, एवढी सोपी आणि एवढी अवघड युक्ती त्यांनी काढली: शार्दूल आमच्या घरी राहील. आणि हे सांगण्यापूर्वी त्यांनी पत्नीला विचारलं. या तपशिलावर मी पुनःपुन्हा रेंगाळतो. मैदानातलं औदार्य एकट्याचं असू शकतं, घरातलं नाही. तिथे वाढत्या वयाच्या, दिवसभर उन्हात राबून आलेल्या मुलाची भूक, त्याची झोप, त्याचे मळलेले कपडे आणि त्याचा अभ्यास हे सारं एका गृहिणीच्या दिवसात मावायचं असतं. त्या माउलीने होकार दिला, आणि लाडसरांच्या शिकवणुकीला मैदानापुरतं न राहता चार भिंतींचं ऊबदार रूप लाभलं. सुमारे वर्षभर शार्दूल त्या घरात राहिला. हे ऋण त्याने मुलाखतींतून मोकळेपणाने मानलं आहे, आणि ते मानताना तो चेंडूच्या शिवणीविषयी फारसं बोलत नाही, त्या घराविषयी बोलतो. माझ्या मते त्याच्या कृतज्ञतेचा खरा सूर तिथेच लागतो.

त्या घराचं फळ दिसायला वेळ लागला नाही. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत लाडसरांच्या शाळेसाठी खेळताना त्याने १६० धावा कुटल्या, त्यात एका षटकात सहा षटकार.

मला मात्र अधिक मोह पडतो तो ब्रिस्बेनच्या खेळीचा. २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण झालं, आणि अवघे दहा चेंडू टाकून जायबंदी जांघेने त्याला मैदानाबाहेर नेलं. दुसरी कसोटी मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांपुढे भारत सहा बाद १८६, समोर स्टार्क, हेझलवूड, कमिन्स आणि लायन. शार्दूल येतो आणि खातं उघडतो ते कमिन्सला हूकचा षटकार मारून! अर्धशतकही पुरं करतो ते लायनला षटकार ठोकून. पण या दोन षटकारांच्या कमानींमधली जागा आपण नीट न्याहाळली पाहिजे, कारण रसिकाला खरा ठेवा तिथे सापडतो: डोकं चेंडूवर स्थिर, पुढचा पाय निःशंक, आणि कव्हरमधून जाणारे असे ड्राइव्ह की ते पाहणाऱ्याला हा आठव्या क्रमांकाचा फलंदाज आहे याचा विसर पडावा. वॉशिंग्टन सुंदरसोबत १२३ धावांची भागी झाली. शार्दूलच्या ६७, सामन्यात सात बळी, आणि विराट कोहलीने जाहीरपणे, तेही मराठीत, त्याला पुन्हा एकदा मानलं. दहा चेंडूंनंतर दोन वर्षांहून अधिक काळ थांबून राहिलेल्या माणसाच्या त्या खेळीत उतावीळपणा नाही, की संधी निसटण्याची धाकधूकही नाही. आपल्याला इथे जागा आहे, असं ज्याला लहानपणीच कुणीतरी कृतीतून सांगितलं, त्याचीच ही निश्चिंती, असं मला मनापासून वाटतं.

त्याच डावात सलामीला येऊन ४४ धावा करणारा रोहित शर्माही लाडसरांचाच; शाळेची फी परवडत नव्हती म्हणून सरांनी ज्याची फी माफ करून घेतली, तो मुलगा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओव्हलवर रोहितने १२७ धावा केल्या, शार्दूलने ५७ आणि ६०. सामनावीर रोहित ठरला, आणि हा मान शार्दूलचा होता, असं त्याने बोलून दाखवलं. गुरूविषयीची कृतज्ञता गुरुबंधूविषयीच्या मोठेपणात अशी अलगद झिरपावी, याहून सुंदर दक्षिणा ती कोणती?

२०२२ मध्ये दिनेश लाड यांना जीवनगौरव श्रेणीतला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आणि २०२५-२६ च्या रणजी हंगामासाठी मुंबईने शार्दूलला कर्णधार केलं, तेव्हा त्याच्या संघात विरारचा आयुष म्हात्रे होता, आणि ज्या घरात शार्दूल एके काळी पाहुणा म्हणून राहिला, त्या घरचा मुलगा सिद्धेश लाडही होता.