थकव्याचे मोजमाप आणि रुग्णाचा शब्द : मोबाइल आरोग्यसाधनांची एक चिकित्सा

मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस अथवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, ज्याचा उल्लेख यापुढे ‘एमई’ असा केला आहे, या आजाराच्या रुग्णांसाठी मोबाइलवर उपलब्ध झालेल्या साधनांची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होते. ही साधने रुग्णाला कोणती भाषा देतात आणि कोणती भाषा त्याच्याकडून काढून घेतात, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे प्रामुख्याने ब्रिटनमधील आहेत, कारण या आजाराविषयीचा वाद तेथे दीर्घकाळ आणि अतिशय कटुतेने चालला.

आधी नावाविषयी. ‘क्रॉनिक फटीग’चा अनुवाद आपण ‘दीर्घकालीन थकवा’ असा करतो आणि तेथेच फसतो. मराठीतील दमणे, शिणणे, गळून जाणे ही क्रियापदे समानार्थी नव्हेत. दमलेला माणूस घटकाभर टेकला की पुन्हा उठतो. शीण मनालाही येतो. गळून गेलेल्याला टेकूनही फारसे साधत नाही. एमईचे व्यवच्छेदक लक्षण याही पलीकडचे आहे. अल्पशा शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर, पुष्कळदा १२ ते ४८ तासांनी, रुग्णाची प्रकृती ढासळते आणि सावरण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. म्हणजे श्रम घडत असताना शरीर इशारा देईलच असे नाही. मोजमापाच्या साधनाची खरी गरज येथे उत्पन्न होते.

हाती आलेली साधने मात्र वेगळ्याच घराण्यातील आहेत. १९६५ साली जपानमधील यामासा कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, बाजारात आणले. हा आकडा संशोधनातून नव्हे, तर विक्रीच्या सोयीतून आला होता. मनगटी पट्ट्यांवर आजही तोच संस्कार आहे: कालच्यापेक्षा आज अधिक. निरोगी माणसास हा आग्रह उपकारक ठरू शकतो. एमईच्या रुग्णास तो अंथरुणाला खिळवू शकतो.

असाच आग्रह वैद्यकाने उपचार म्हणून धरला होता, हे विसरता येत नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात शेकडो कर्मचारी एका गूढ आजाराने ग्रस्त झाले. पुढे १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी, रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, जुन्या नोंदींच्या आधारे तो सामूहिक उन्माद ठरविला. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम व बोधात्मक वर्तनोपचार लाभदायक असल्याचे सांगण्यात आले. या चाचणीच्या आरंभी रुग्णांना हालचाल मोजणारे यंत्र बांधण्यात आले होते. अखेरीस मात्र रुग्णांवर भार पडेल या कारणाने ते मोजमाप वगळण्यात आले, आणि प्रमुख निष्कर्ष प्रश्नावलींतील उत्तरांवर आधारले गेले. एरवी ज्यांच्या शब्दावर शंका घेतली जाई, त्यांचाच शब्द येथे प्रमाण मानला गेला. फक्त प्रश्न त्यांचे नव्हते. मोजमाप तटस्थ नसते ते या अर्थाने. काय मोजावे, कधी मोजावे आणि केव्हा मोजणे सोडून द्यावे, हे कोणी तरी ठरवीत असते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी नवी मार्गदर्शिका काढली आणि ठरावीक टप्प्यांनी वाढणाऱ्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. त्याऐवजी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहण्याचा सल्ला आला. आपल्याकडे यासाठी ‘झेपेल तेवढेच’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. स्वनिरीक्षणासाठी रुग्ण आधीच वापरत असलेली साधने, मग तो फोनवरील नाडीमापक असो वा साधी रोजनिशी, घ्यावीत असेही तीत म्हटले आहे.

या पार्श्वभूमीवर २०२२ मध्ये आलेले ‘व्हिजिबल’ हे साधन लक्षणीय ठरते. दीर्घ कोविडच्या रुग्णाच्या पुढाकाराने निघालेले हे साधन फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून सकाळची नाडी मोजते; दंडावरील पट्टी घेतल्यास दिवसभराचा हिशेब ठेवते आणि खर्च वाढू लागल्यास सावध करते. येथे आकडा गाठावयाचा नसून त्याच्या आत राहावयाचे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या आजारात शब्दशः लागू पडते.

तरीही प्रश्न उरतात, आणि त्यांतील पहिला आपल्या व्यवसायातील वाचकांस चटकन पटेल. प्रबंधाचे एक प्रकरण बसल्या जागी तपासताना नाडी फारशी वाढत नाही. यंत्राच्या लेखी ती जवळपास विश्रांतीच. एमईच्या रुग्णास मात्र तेवढ्याने दोन दिवस उठता येत नाही. नाडीची मर्यादाही सरसकट सूत्राने काढली जाते. २२० मधून वय वजा करून उरलेल्याचे ६० टक्के, असे एक सूत्र रुग्णांत प्रचलित आहे. त्यानुसार चाळिशीच्या व्यक्तीस मिनिटाला १०८ ठोके येतात. हृदयगती मंदावणारे औषध चालू असेल तर या आकड्यावर विसंबता येत नाही. शिवाय अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या, पडद्याचा प्रकाशही न सोसणाऱ्या रुग्णास रोजची नोंद करणे हेच श्रम होत.

दुसरा प्रश्न रूपकाचा आहे. एका प्रसिद्ध घड्याळात शरीराची ‘बॅटरी’ दाखविली जाते आणि ती रात्रीच्या झोपेने भरते. निरोगी शरीराचे हे चित्र येथे खोटे पडते, कारण झोपेनंतरही ताजेतवाने न वाटणे हे एमईच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. सकाळी पडद्यावर भरलेली बॅटरी आणि अंथरुणात रिकामा माणूस, अशा वेळी घरच्यांनी कोणावर विश्वास ठेवावा? आलेख पाहून डॉक्टरांनी प्रथमच गांभीर्याने ऐकले, तर त्यात रुग्णाचा लाभ आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु आलेख सपाट असेल त्या दिवशी तोच कागद त्याच्या विरोधातील साक्ष होतो. म्हणून अशा साधनात रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुरास आकड्याच्या बरोबरीची जागा हवी, आणि तपासणीच्या वेळी तो आधी वाचला जावयास हवा. मराठी रुग्णासाठी असे साधन घडवावयाचे झाल्यास त्यात ‘दमलो’ आणि ‘गळून गेलो’ या दोन नोंदी एकाच अंकाखाली घालून चालणार नाही.