नभोवाणीच्या पदरचे वृंद

ज्या वस्तूचें मोल तराजूंत घालतां येत नाहीं, तिचा खर्च मात्र जमाखर्चाच्या वहींत सर्वांच्या आधीं डोळ्यांत भरतो. इंग्लंडांतील बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेच्या बाबतींत याचा प्रत्यय ७ मार्च २०२३ रोजीं आला. १९२४ सालापासून या संस्थेनें पदरीं बाळगलेला, वीसेक पगारी गायकांचा 'बी. बी. सी. सिंगर्स' हा वृंद बंद करण्याचा, व इंग्लंडांतील आपल्या वाद्यवृंदांतील पगारी जागा सुमारें शेंकडा २० नीं कमी करण्याचा बेत तिनें त्या दिवशीं जाहीर केला. शंभरी भरावयास एकच वर्ष उरलें असतां गायकांच्या हातीं असा नारळ दिलेला पाहून लोक खवळले. दीड लाखांहून अधिक माणसांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या, आणि २४ मार्च रोजीं गायकवृंदाविषयींचा निर्णय संस्थेला स्थगित करावा लागला. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें, बाहेरील एका संगीत-प्रतिष्ठानाचें साह्य घेऊन, वृंद कायम राहील असें ठरलें. वादळ शमलें, पण त्यानें जो प्रश्न वर आणिला तो शमला आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नभोवाणीनें गाणारे-वाजविणारे पदरीं कां बाळगावे?

हाच प्रश्न आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें अधिक रोखठोक शब्दांत विचारला होता: "सर, ध्वनिमुद्रिका लाविली कीं काम भागतें, मग वीस गळे बारमाही पोसावयाचे कशासाठीं?" प्रश्न उथळ म्हणून आम्ही तो प्रथम झटकून टाकला, घरीं गेल्यावर मात्र तो पायांतल्या कांट्यासारखा सलूं लागला. ध्वनिमुद्रिका खरोखरच स्वस्त आहे व उत्तमोत्तम गायकांची आहे. परंतु ती जें गाइलें गेलें आहे तेंच ऐकविते. जें अद्याप कोणीं गाइलेंच नाहीं, तें प्रथम गावयाचें कोणीं? आमच्या मतें साऱ्या वादाचें मर्म या एका प्रश्नांत आहे.

बी. बी. सी. च्या पूर्वेतिहासाकडे पाहिलें म्हणजे हें मर्म स्पष्ट होतें. १९२२ सालीं १० शिलिंगांच्या परवान्यापासून आरंभ झालेली ही संस्था १९२७ मध्यें राजसनदेनें सार्वजनिक झाली, आणि त्याच वर्षीं तिनें हेन्री वुड यांनीं १८९५ पासून चालविलेल्या 'प्रॉम्स' या स्वस्त जलशांचा भार उचलला. त्या काळीं लंडनच्या वाद्यवृंदांत एक विचित्र चाल होती. अधिक पैशाचें काम मिळालें कीं वादक आपल्या जागीं बदली माणूस पाठवून मोकळा होई. तालमीला एक, जलशाला दुसरा. वुड यांनीं १९०४ मध्यें ही चाल आपल्यापुरती बंद केली, तेव्हां कित्येक वादक त्यांस सोडून गेले व त्यांनीं आपला स्वतंत्र वृंद काढिला. बदली माणसांच्या मेळ्यांतून एकजीव नाद कोठून निघणार! १९३० मध्यें एड्रियन बोल्ट यांच्या हाताखालीं बी. बी. सी. नें शंभराहून अधिक वादकांचा स्वतःचा वृंद उभारला, तेव्हां त्यांस बारमाही पगार दिला. त्या पगारानें वादकांचें पोट भरलेंच; पण त्याहून मोठी गोष्ट ही, कीं त्यानें तालीम विकत घेतली. तालमीवांचून वृंद म्हणजे केवळ गर्दी होय.

आतां या तालमीचें फळ पहा. आल्बान बेर्ग यांचें 'वोत्सेक' हें अवघड संगीतनाटक या वृंदानें बोल्ट यांच्या नेतृत्वाखालीं मार्च १९३४ मध्यें जलशाच्या रूपानें लंडनला ऐकविलें. त्या शहराच्या मोठ्या नाट्यगृहास तें रंगभूमीवर आणावयास १९५२ साल उजाडलें. तिकिटांच्या विक्रीवर जगणाऱ्याला जें अठरा वर्षें परवडलें नाहीं, तें नभोवाणीला परवडलें.

गायकवृंदाची गोष्ट याहून हृद्य आहे. १९४३ सालीं, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखालीं असतां, फ्रान्सिस पूलँक या संगीतकारानें पॉल एल्युआर या कवीच्या कवितांस चाली देऊन 'फिग्यूर युमेन' ही रचना गुप्तपणें लिहिली. तिची अखेर स्वातंत्र्याच्या नांवानें होते. अर्थात् जर्मन अंमल असेपर्यंत पॅरिसमध्यें ती गाण्याची सोय नव्हती. मार्च १९४५ मध्यें ती प्रथम गाइली गेली ती लंडनमध्यें, बी. बी. सी. च्या गायकांकडून, इंग्रजी भाषांतरांत. ही रचना किती कठिण आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयाचें तर असें सांगूं: बारा निरनिराळे स्वरमार्ग एकाच वेळीं चालतात आणि साथीला एकही वाद्य नाहीं. आमच्या गवयाच्या पाठीशीं निदान तंबोरा तरी असतो. येथें तोही नाहीं. एका गळ्याचा स्वर केसभर उतरला तर सर्वांच्या पायाखालची जमीन खचते. अशी रचना सवडीनें जमलेल्या हौशी मंडळींस सहसा पेलत नाहीं. तिला रोज एकत्र गाणारे गळे लागतात. आम्ही ती ध्वनिमुद्रिकेवरूनच ऐकिली आहे, हें आमच्या विद्यार्थ्याच्या बाजूनें प्रामाणिकपणें नमूद करितों. परंतु ती मुद्रिका अस्तित्वांत येण्यापूर्वीं कोणीं तरी पहिल्यानें तो धोका पत्करला होता.

याचा अर्थ बी. बी. सी. चें सर्वच आम्हांस मान्य आहे असा नव्हे. जॉन रीथ यांनीं त्या संस्थेला जी आरंभींची शिस्त लाविली, तींत 'तुम्हांस काय आवडावें हें आम्ही ठरवूं' असा पंतोजीचा सूर होता, आणि परवान्याचे पैसे सक्तीनें घेणाऱ्याच्या तोंडीं तो अधिकच खुपतो. शिवाय जी संस्था संकट आलें कीं प्रथम वाद्यवृंदांवरच कुऱ्हाड उचलते, तिची श्रद्धा किती खोल आहे याची शंका येते. १९८० मध्येंही पांच वृंद मोडण्याचा घाट घातला गेला. वादकांनीं संप केला, त्या वर्षीं प्रॉम्सचा आरंभच लांबला, आणि स्कॉटलंडचा वृंद कसाबसा वांचला. तरीही आमचें म्हणणें असें, कीं अशा वृंदाचा हिशेब टाळ्यांवरून करूं नये. त्यानें नवें काय गाइलें, दुर्लक्षित असें काय जागविलें, आणि राजधानीबाहेर तें किती पोंचविलें, हें विचारावें. या कसोटीस जो उतरणार नाहीं तो वृंद खुशाल मोडावा. आम्ही त्याची वकिली करणार नाहीं.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेंत आहे. तेथील एन. बी. सी. या व्यापारी नभोवाणीनें १९३७ मध्यें तोस्कानिनी या जगद्विख्यात संचालकासाठीं थाटाचा वाद्यवृंद उभा केला. १९५४ सालीं तोस्कानिनी निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं कंपनीनें वृंदावरील आपलें छत्र काढून घेतलें. देव उठला, देव्हारा मोडला! कंपनीनें माणूस विकत घेतला होता. संस्था उभारली नव्हती.

हें लिहितांना आमची दृष्टि सहजच घराकडे वळते. आकाशवाणीनें १९५२ सालीं दिल्लीस आपला वाद्यवृंद स्थापिला व पंडित रविशंकर यांच्याकडे त्याची धुरा दिली. त्यांच्यामागून पन्नालाल घोषांसारखा बासरीचा सिद्धपुरुष तेथें आला. काम सोपें नव्हतें. आमचा राग एका माणसाच्या मनांत त्या क्षणीं उमलतो. मींड आणि गमक हीं वीस जणांनीं एकाच श्वासांत कशीं घ्यावीं? कोणी म्हणेल, वृंदवादन आमच्या प्रकृतीसच मानवत नाहीं. आम्हांस हें पटत नाहीं. कीर्तनांत टाळकऱ्यांचा मेळ जमतो, वारींत हजार कंठ एका अभंगांत मिळतात. मेळाची आम्हांस ओळख नाहीं असें नव्हे. आमचें दुखणें वेगळें आहे. आम्ही थोर माणसांस आसन देतों, आणि तीं उठून गेलीं कीं आसनावर धूळ बसूं देतों. मागें राहिलेल्या रचना पुनःपुन्हा वाजविल्या जाणें, त्यांची स्वरलिपी जपणें, नव्या रचनाकारास 'लिही, आम्ही वाजवूं' असें सांगणें, हें तपश्चर्येचें काम आहे, आणि तें मैफलींतला गवई एकट्यानें करूं शकत नाहीं. तें पगारी, निवांत, रोज तालीम करणाऱ्या वृंदाचेंच काम आहे.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर एवढेंच: बाबारे, वीस गळे पोसावयाचे ते काल गाइलेलें पुन्हा ऐकण्यासाठीं नव्हे. उद्यां कोणी पूलँक, येथला किंवा तेथला, अंधारांत बसून कांहीं लिहील, आणि तें गावयास त्याच्या गांवीं कोणी नसेल. त्या दिवशीं कोठें तरी दिवा लावून, तालीम करून, तयार बसलेलीं माणसें असावींत, यासाठीं.