‘ओळखा व वर्गीकरण करा’ : एका प्रश्नाची तपासणी

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यात तारामासा, ऑक्टोपस, समुद्रघोडा, हर्डमानिया असे नमुने असतात. विद्यार्थ्याने प्रत्येक बरणीपुढे दोन-तीन मिनिटे थांबायचे, नमुना ओळखायचा आणि कारणे देऊन त्याचे वर्गीकरण लिहायचे. महाविद्यालयांत याला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. या प्रश्नातून नेमके काय तपासले जाते, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम या पद्धतीच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळा-महाविद्यालये समुद्रापासून दूर आहेत. परभणीच्या किंवा यवतमाळच्या विद्यार्थ्याला तारामासा पाहण्याची दुसरी सोय बहुधा नसते. वर्ग मोठे असतात, वेळ थोडा असतो आणि एकच बरणी अनेक वर्षे शेकडो मुलांना पुरते. बरणी ठेवण्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो बरणीपुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला आणि त्याच्या उत्तराला गुण देण्याच्या रीतीला.

‘ओळखा’ आणि ‘वर्गीकरण करा’ ही दोन वेगळी कामे आहेत. ओळखणे म्हणजे पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा दिसल्यावर तिचे नाव सांगणे. वर्गीकरण म्हणजे समोरच्या प्राण्याची लक्षणे पाहून त्याचे नाते कोणाशी आहे हे ठरवणे. आपल्या परीक्षेत पहिले काम झाले की दुसरे पाठांतराने आपोआप होते. बरणीत ‘तारामासा’ आहे एवढे कळले, की ‘संघ : कंटकचर्मी’ आणि त्याखालची पाच लक्षणे हात न थांबता लिहिली जातात. झाकणाचा रंग, काचेवरचा तडा किंवा तुटलेली भुजा यांवरून बरणी ओळखणारे विद्यार्थीही असतात. त्यांना पूर्ण गुण मिळतात.

ती पाच लक्षणे कोणती? शरीर त्रिस्तरीय, खरी देहगुहा, पंच-अरीय सममिती, त्वचेवर कॅल्शियमयुक्त काटे, हालचालीसाठी नलिकापाद. यांतील शेवटची तीन बरणीत दिसू शकतात. पहिली दोन कोणत्याही विद्यार्थ्याला काचेबाहेरून दिसणार नाहीत. हर्डमानियाच्या बाबतीत तर अवस्था आणखी कठीण आहे. बरणीत दिसतो तो बटाट्यासारखा, कंचुकाने झाकलेला एक गोळा. विद्यार्थी मात्र ‘पृष्ठरज्जू फक्त डिंभाच्या शेपटीत असतो’ असे कारण देऊन त्याला समपृष्ठरज्जू प्राण्यांत बसवतो. विधान बरोबर आहे. पण ते नमुन्यातून आलेले नाही. अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन भ्रूणशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये या गटातील प्राण्यांच्या डिंभांची वाढ तपासून हे नाते दाखवून दिले. त्यापूर्वी यांना मृदुकाय प्राण्यांच्या जवळचे समजले जाई. म्हणजे आपण ज्याला ‘कारण’ म्हणतो ते वास्तविक दुसऱ्याच्या निरीक्षणावर ठेवलेला विश्वास आहे. असा विश्वास ठेवण्यात गैर काहीच नाही. विज्ञान त्यावाचून चालणार नाही. परंतु पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते, हा भेद विद्यार्थ्याला करता आला पाहिजे. या प्रश्नात नेमका तोच पुसला जातो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बार्नेकल. ओहोटीच्या वेळी खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर, होड्यांच्या तळाला पांढुरके, टोकदार, चिकटून बसलेले कवच दिसते तो हा प्राणी. समजा, एखाद्या विद्यार्थ्यापुढे हा नमुना ठेवला आणि त्याने लिहिले, ‘बाहेर कठीण चुनखडीचे कवच, आत मऊ शरीर, म्हणून संघ : मृदुकाय’. त्याला शून्य मिळेल, कारण बार्नेकल कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातला, म्हणजे संधिपाद संघातला आहे. पण या विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिले आणि तर्क केला. लिनियसने १७५८ मध्ये बार्नेकलला कवचधारी ‘कृमीं’मध्ये शिंपल्यांच्या शेजारी बसवले होते आणि पुढे क्यूव्हिएनेही त्याला मृदुकायांतच ठेवले. हे मत बदलले ते १८३० मध्ये. आयर्लंडमध्ये राहणारे सैन्यातील शल्यविशारद जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी पाण्यातून पकडलेले पोहणारे सूक्ष्म जीव भांड्यात ठेवले. ते जीव कवचधारींच्या पिलांसारखे दिसत होते. काही दिवसांत त्यांनी कात टाकली, ते तळाला चिकटले आणि त्यांचे बार्नेकल झाले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षे या एका गटावर खर्च केली आणि १८५१ ते १८५४ या काळात त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केले.

आमच्या मते शून्य मिळवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : ‘मृदुकाय असेल तर याला सांधे असलेले पाय असतील का?’ किनाऱ्यावरच्या शाळेत याचे उत्तर त्याला स्वतः मिळवता येते. बार्नेकल चिकटलेला लहान दगड समुद्राच्या पाण्यात ठेवून शांतपणे वाट पाहावी. थोड्या वेळाने कवचाची दारे उघडतात आणि पिसांसारखे पाय बाहेर येऊन अन्नासाठी पाणी ओढू लागतात. भिंगातून त्यांचे सांधे दिसतात. दगड मग जागच्या जागी ठेवून द्यावा. बरणीतल्या बार्नेकलची दारे बहुधा कायमची मिटलेली असतात, म्हणून त्याच्याकडे बघून हा निष्कर्ष काढता येत नाही.

बरणीचे आणखी दोष शिक्षकांना ठाऊक आहेत. फॉर्मेलिनमध्ये रंग उडतात. ते आम्लधर्मी होत गेले की चुनखडीची कवचे आणि काटे हळूहळू विरघळतात, म्हणजे जे लक्षण पाहायचे तेच नाहीसे होते. नमुना पाठीची बाजू पुढे ठेवून काचपट्टीला बांधलेला असेल तर पोटाकडचे नलिकापाद दिसतच नाहीत. आकृतीत मात्र ते काढावे लागतात. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे मुलांच्या हाती उघडी बरणी देता येत नाही. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले; तेव्हा नवे नमुने गोळा करण्याचा मार्गही बंद आहे आणि तो बंदच राहावा.

मग करायचे काय? बाजारात पाहावे. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, बांगडा, मुशी आणि माकूल हे सहा प्राणी एका थाळीत ठेवले की तीन संघ समोर येतात. कोकणातल्या कोळ्याघरच्या मुलाला ही नावे, त्यांचे हंगाम, नर-मादीतले फरक आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. आजच्या परीक्षेत या ज्ञानाला एकही गुण नाही. त्याच मुलाला बरणीतला निस्तेज नमुना ओळखता आला नाही, की तो प्राणिशास्त्रात कच्चा ठरतो. हे आम्हाला या पद्धतीचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

समुद्रापासून दूर असलेल्या शाळांनाही एक वस्तू सहज मिळते. काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेस’ नावाने पांढरा, हलका, ठिसूळ तुकडा विकतात. तो फेस नसून कटलफिश या माकुळाच्या जातीतील प्राण्याचे शरीरांतर्गत कवच आहे. तो मोडून भिंगाखाली पाहिला तर थरांवर थर आणि मधल्या पोकळ्या दिसतात. या पोकळ्यांतील वायू व द्रव यांचे प्रमाण बदलून प्राणी पाण्यात वर-खाली होतो. शेजारी एक शिंपला ठेवावा आणि विचारावे, ‘कवच बाहेर असणारा आणि आत असणारा, दोघे एकाच संघात का?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून देता येत नाही.

परीक्षेच्या बाबतीत आमची सूचना साधी आहे. उत्तरपत्रिकेत दोन रकाने असावेत : ‘या नमुन्यात मला दिसलेली लक्षणे’ आणि ‘पुस्तकावरून माहीत असलेली लक्षणे’. निम्मे गुण पहिल्या रकान्याला द्यावेत. पाच बरण्यांपैकी एक तरी नमुना वर्गात कधीही न दाखवलेला असावा आणि त्याचे नाव विचारू नये. तो कोणत्या संघात बसेल आणि कशामुळे, एवढेच विचारावे. तर्क सुसंगत असेल तर निष्कर्ष चुकला तरी गुण मिळावेत. बोर्डाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेत हा बदल आपल्या हाती नसेल. परंतु घटक चाचणी आणि प्रयोगवही या शिक्षकांच्याच हातात आहेत. या वर्षीच्या प्रयोगवहीत उजव्या पानावर दोन रकाने आखून घेण्यास कोणाचीही परवानगी लागणार नाही.