पडक्या वास्तूचे छायाचित्र: सौंदर्य आणि साक्ष

आडवाटेवरचे ओसाड घर, दार खिळ्यांनी बंद केलेले दुकान, गवतात रुतलेली गंजकी मोटार हे विषय विसाव्या शतकातील छायाचित्रणात इतके रुळले, की एखाद्या वाङ्मयप्रकाराचा असावा तसा त्यांचा स्वतंत्र संकेतव्यूह तयार झाला. उडालेल्या रंगाचे पोत, तिरप्या उन्हाची आभा, मनुष्याची अनुपस्थिती हे त्यातील ठरलेले घटक होत. या संकेतांची सवय झालेल्या प्रेक्षकाला पडझड प्रथमदर्शनीच सुंदर वाटते. ही वास्तू कोणी सोडली आणि का सोडली, हा प्रश्न मात्र त्या सौंदर्यानुभवात बहुधा उपस्थितच होत नाही. तो उपस्थित होणे कलाकृतीच्या दृष्टीने आवश्यक आहे काय, हा येथील खरा वादविषय आहे.

भग्नतेच्या सौंदर्याची एक प्रभावी उपपत्ती गेओर्ग सिमेल याने 1907 मधील आपल्या निबंधात मांडली. वास्तू उभारताना मानवी संकल्प जड द्रव्याला वर उचलतो आणि निसर्ग त्याला खाली ओढतो. भग्नावशेषात या दोन शक्तींचा एक नवा समतोल प्रतीत होतो. माणसाने हेतुपूर्वक केलेल्या विध्वंसात ही मोहिनी उरत नाही, असेही सिमेल म्हणतो. पडझडीचा कर्ता निसर्गच आहे, हे या उपपत्तीचे गृहीतकृत्य होय. आडरस्त्यावरच्या ओसाड इमारतींना ते सरळपणे लागू पडत नाही. भिंतीवर वेल चढतो तो निसर्गनियमाने, पण वेल उपटणारा हात तेथून निघून गेलेला असतो तो भाव, कर्ज, जमीनमालकी आणि वंशभेद यांच्या इतिहासामुळे. निसर्ग येथे उशिरा येणारा पात्रधारी आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हेल काउंटी हे या प्रश्नाच्या चिकित्सेसाठी विशेष उपयुक्त क्षेत्र आहे. 1936 च्या उन्हाळ्यात वॉकर एव्हन्स लेखक जेम्स एजी याच्याबरोबर तेथे गेला आणि कापूस पिकवणाऱ्या गोऱ्या खंडकरी कुटुंबांची छायाचित्रे घेऊन आला. 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ही छायाचित्रे आरंभीच, कोणत्याही शीर्षकाविना येतात. एव्हन्सची पद्धती समोरून, सपाट, भावविवशता टाळणारी आहे. पेनसिल्व्हानियात त्याने 1935 मध्ये टिपलेले, उघड्या माळावर टाकून दिलेल्या मोटारींचे चित्रही याच पद्धतीचे आहे. तेथे वाहन आणि वास्तू यांतील एक भेद लक्षात येतो. इमारत आपल्या जागीच जीर्ण होते. मोटार मात्र गतीचे साधन असल्याने तिचे स्थिर होणे हाच तिचा अंत असतो. मंदीच्या काळातील त्या माळावर प्रगतीचे चिन्ह आपल्या नेमक्या विरुद्ध अर्थाने उभे राहते. एव्हन्स त्यावर भाष्य करत नाही; चिन्हाची ही उलटापालट तो केवळ दृश्यमान करतो.

परंतु एकट्या चित्राला एक मूलभूत मर्यादा आहे. रोलाँ बार्थ याने 1980 च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे सार ‘हे होते’ या प्रतीतीत पाहिले. पडक्या घराच्या चित्रात ही प्रतीती दुहेरी होते. घर पूर्वी नांदते होते आणि चित्र घेतेवेळी ते पडके होते, असे दोन भूतकाळ एका चौकटीत येतात. त्यांमधील प्रक्रिया मात्र चौकटीबाहेरच राहते. कारण गळून पडते आणि केवळ खंत उरते.

विल्यम क्रिस्टनबेरी (1936–2016) याच्या कामाचे महत्त्व येथे आहे. त्याच परिसराशी कौटुंबिक नाते असलेल्या या चित्रकाराने साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने रंगीत चित्रे घेतली ती आरंभी आपल्या रंगचित्रांसाठी टिपणे म्हणून. त्यांचे स्वतंत्र मोल एव्हन्सने ओळखले. 1973 मध्ये दोघे मिळून हेल काउंटीत गेले. वॉशिंग्टनला स्थायिक झाल्यावरही क्रिस्टनबेरी दरवर्षी अलाबामाला परतत राहिला आणि त्याच त्या इमारतींसमोर उभा राहिला. हस्तरेषा पाहणाऱ्या ज्योतिषाची पाटी उलटी लावलेले एक जुने दुकान त्याने 1961 पासून टिपले. चित्रागणिक भिंती खचतात, झाड वाढते. इमारत नाहीशी झाल्यावर तिच्या मोकळ्या जागेचेही चित्र तो घेतो. ती मोकळी जागा मालिकेबाहेर पाहिली तर निरर्थक झुडूप आहे. मालिकेत ती सर्वांत बोलके पद आहे. अर्थ एका चिन्हात नसून चिन्हांमधील भेदांत असतो, या संरचनावादी सिद्धान्ताचे इतके सहज उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि मालिकेने साक्षीचा प्रश्न पूर्णतः सुटतो असे नाही. 1974 पासून त्याने वारंवार टिपलेल्या रानातल्या लाल इमारतीचे उदाहरण घ्यावे. विटांचा आभास निर्माण करणारे लाल आच्छादन, भोवती दाट हिरवळ, आणि शीर्षकात केवळ रंग व स्थळ. ही इमारत एके काळी एका खोलीची शाळा होती आणि पुढे मतदानकेंद्र होती. ज्या प्रदेशात कृष्णवर्णीयांना 1965 च्या मतदानहक्क कायद्यापर्यंत मताधिकार प्रत्यक्षात नाकारला जात होता, तेथे ही माहिती तपशीलापुरती राहत नाही. ती कळल्यावर तेच बंद दार वेगळे दिसू लागते. चित्र हे सांगत नाही. मार्था रोस्लर हिने 1981 मध्ये दस्तऐवजी छायाचित्रणावर घेतलेला आक्षेप, की ते दुःख दाखवते पण त्यामागील सत्तासंबंध झाकते, येथे पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

क्रिस्टनबेरीला स्वतःला ही उणीव जाणवली असावी, असे मानण्यास आधार आहे. शांत दर्शनी भिंतींच्या या मालिकांबरोबरच तो 1960 च्या दशकापासून कू क्लक्स क्लॅनविषयी बाहुल्या, रेखाटने आणि वस्तू यांची एक कोंदट मांडणी रचत होता. 1979 मध्ये तिच्यातील बराच भाग चोरीस गेला. त्याने ती पुन्हा उभी केली. ही दोन कामे परस्परपूरक संहिता म्हणून वाचली पाहिजेत. एकीत बंद दार बाहेरून दिसते, तर दुसरीत त्या समाजाने दाराआड ठेवलेली हिंसा.

मराठी सौंदर्यविचारातील परिभाषेत सांगायचे तर पडक्या वास्तूचे एकटे चित्र अलौकिकतावादी आस्वादाला सहज वश होते. लौकिक संदर्भ तोडूनच ते रम्य बनते. क्रिस्टनबेरीचे पुनःपुन्हा परतणे या तुटलेल्या संदर्भाचा एक धागा, म्हणजे काळ, पुन्हा जोडते. दुसरा धागा, म्हणजे कारण, प्रेक्षकाने चित्राबाहेरच्या ज्ञानातून आणावा लागतो. त्यामुळे चित्राचे सौंदर्य उणावत नाही; त्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली एवढे मात्र स्पष्ट होते. ज्या समीक्षेला हा हिशेब रसभंग वाटतो, तिने लाल इमारतीसमोर पुन्हा एकदा उभे राहावे आणि त्या दारातून कोणाला आत जाता येत होते, हे विचारावे.